ऊसतोड वस्तीवर महिलांच्या आरोग्याचे काम : नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

दसरा झाला की बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर घरांना कुलपे लागू लागतात, आणि भांडी, धान्याची पोती, शेरडे व लेकरे सोबत घेतलेल्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. पुढचे पाच-सहा महिने ही माणसे कारखान्याच्या आवारालगत किंवा थेट फडाजवळ, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेताजवळ, कोप्या (पाचटाच्या झोपड्या) घालून राहतात. या कोप्यांवर जाऊन महिलांच्या आरोग्याचे काम करावे, अशा इच्छेने दरवर्षी काही विद्यार्थी, परिचारिका आणि संस्थांच्या कार्यकर्त्या नव्याने येतात. त्यांच्या हातात बहुधा औषधांची पेटी असते, पॅडचे खोके असते आणि एक छापील प्रश्नावली असते. या तिन्ही वस्तू उपयोगी आहेत. मात्र त्या केव्हा उघडायच्या, हे कळण्याआधी जे समजून घ्यावे लागते त्यासाठी हा लेख लिहिला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, ऊसतोड करणाऱ्या बाईचा आजार हा दवाखान्याचा विषय होण्याआधी वेळेचा, उचलीचा (आगाऊ रकमेचा) आणि खाड्याचा (बुडालेल्या दिवसाचा) विषय असतो. तिचा दिवस कसा जातो आणि तिच्या कामाचा पैसा कोणाच्या हातात पडतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याने दिलेला सल्ला बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो.

पहिली पायरी : ‘कोयता’ म्हणजे काय ते समजून घ्या

ऊसतोडीत मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी, बहुधा पावसाळ्यात, मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा कंत्राटदार, या जोडीला एकरकमी ‘उचल’ देतो आणि पुढे तोडलेल्या उसाच्या वजनातून ती फेडून घेतो. व्यवहार पुरुषाशी होतो, सही किंवा अंगठा त्याचा असतो, रक्कम त्याच्या हाती जाते. काम मात्र दोघांचे धरलेले असते. म्हणजे बाईचे श्रम आगाऊ विकले जातात आणि त्या विक्रीच्या कागदावर तिचे नाव नसते. तिला स्वतःची मजुरी किती हे विचारले तर ती हसून ‘मालकाला विचारा’ म्हणेल. ते टाळाटाळीचे उत्तर नव्हे. तिची वेगळी मजुरी अशी कोणी मोजलेलीच नसते.

या रचनेचे आरोग्यावर होणारे परिणाम सरळ आहेत. बाई एक दिवस फडात गेली नाही तर ‘खाडा’ पडतो. बऱ्याच टोळ्यांमध्ये एका खाड्याला पाचशे ते हजार रुपये कापले जातात, आणि जोडीतली एक व्यक्ती बसली की दुसऱ्याचेही काम अडते. म्हणून ताप, पाळीतला अतिरक्तस्राव, गरोदरपणातल्या उलट्या यांपैकी कोणत्याही कारणाने घरी थांबणे हा तिच्यापुरता निर्णय राहत नाही. शिवाय कोयता जोडीनेच धरला जात असल्यामुळे मुलाचे लग्न लवकर उरकण्याला पैशाचे कारण मिळते, आणि वयात आलेल्या मुलीला मागे गावी एकटे ठेवण्याची भीती तिच्याही लग्नाची घाई करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले; बीड जिल्ह्यात हे प्रमाण त्याच्या जवळपास दुप्पट आहे.

जाण्याआधी एवढे विचारून घ्या : टोळी ‘डोकी सेंटर’ची आहे, ‘गाडी सेंटर’ची की ‘टायर सेंटर’ची. डोकी सेंटरमध्ये बाईला मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टरमध्ये चढवाव्या लागतात आणि वाहन येईल तेव्हा, मध्यरात्रीसुद्धा, गाडी भरावी लागते. गाडी आणि टायर सेंटरच्या, म्हणजे बैलगाडीच्या, टोळ्यांचे वेळापत्रक वेगळे असते, त्यांत जनावरांची देखभाल वाढते. तुमची भेटीची वेळ यावर ठरणार आहे.

दुसरी पायरी : तिचा दिवस मोजा

आमच्या पहिल्या हंगामात आम्ही आरोग्य शिबिर सकाळी अकरा वाजता ठेवले होते. डॉक्टर वेळेवर आले, मंडप लागला, आणि तपासणीला आल्या त्या कोपीवर राहिलेल्या दोन म्हाताऱ्या आणि धाकट्या भावंडांना कडेवर घेतलेल्या मुली. ज्यांच्यासाठी शिबिर होते त्या सगळ्या चार किलोमीटरवर फडात होत्या. ही चूक आम्हाला टाळता आली असती, कारण त्यासाठी फक्त एक दिवस वस्तीवर राहणे पुरेसे होते.

म्हणून पहिल्या आठवड्यात कोणतीही तपासणी, व्याख्यान किंवा वाटप ठेवू नये. एका कुटुंबाची परवानगी घेऊन पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्यासोबत राहावे आणि वेळ लिहून काढावा. साधारणपणे असे दिसेल : बाई पहाटे तीन-चारला उठते, पाणी आणते, चूल पेटवून दोन वेळच्या भाकरी थापते, लेकरांचे आवरते आणि उजाडण्याच्या आत फडात पोचते. तिथे ती तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते आणि वाहून नेते. एका मोळीचे वजन अनेकदा तीस-चाळीस किलोंच्या घरात असते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून उंच ट्रकच्या फाळक्यापर्यंत चढावे लागते. परत येताना ती वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधून आणते, कारण ते विकून रोजचा किराणा निघतो. संध्याकाळी पुन्हा पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणे. पुरुषही फडात तितकाच राबतो, हे लिहून ठेवावे. फरक फडाबाहेरच्या तासांत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले होते. कोपीवर नळ नाही, गॅस नाही, विजेचा दिवाही बहुधा नाही. त्यामुळे तेच काम इथे अधिक वेळ खाते.

दिवस लिहून काढला की आजारांची कारणे आपोआप समोर येतात. वस्तीवर शौचालय नसते, म्हणून बाई अंधार पडेपर्यंत थांबते. त्यासाठी ती दिवसभर पाणी कमी पिते, आणि लघवीची जळजळ व वारंवार होणारा जंतुसंसर्ग त्यातून येतो. पाळीच्या दिवसांत फडात कपडा बदलायला आडोसा नसतो, कपडा धुवायला पुरेसे पाणी नसते आणि धुतलेला कपडा उन्हात वाळत घालण्याची लाज वाटते. बाळंतपणानंतर लगेच ओझे उचलल्याने ‘अंग बाहेर येण्याची’, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याची, तक्रार वाढते. या प्रत्येक ठिकाणी औषधापेक्षा पाणी, आडोसा आणि विश्रांती यांची गरज मोठी आहे.

पॅडच्या वाटपाबद्दल इथेच एक स्पष्ट मत नोंदवतो. ते वाईट नाही. पण बदलायला जागा आणि वापरलेले पॅड टाकायला सोय नसताना दोन पाकिटे देऊन फोटो काढणे, हे काम केल्याचे समाधान आपल्याला देते, तिला फारसे काही देत नाही. तेवढ्याच खर्चात वस्तीच्या कडेला बांबू आणि ताडपत्रीचे दोन न्हाणीघर-आडोसे उभे राहतात. कारखान्याच्या शेती विभागाशी बोलून पाण्याचा टँकर रोज वस्तीपर्यंत आला, तर तुमच्या हंगामातले ते सर्वांत मोठे आरोग्यकार्य ठरेल.

शिबिराची वेळ ठरवताना मग अडचण येत नाही. रात्री आठनंतर कोप्यांमध्ये, किंवा कारखाना बंद असलेल्या दिवशी, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी जावे. बाजाराच्या दिवशी बायका अंघोळ करून, बरी साडी नेसून तशाही बाहेर पडलेल्या असतात.

तिसरी पायरी : शब्द शिका, मग प्रश्न विचारा

‘तुम्हाला स्त्रीरोगविषयक काही त्रास आहे का’ या प्रश्नाला वस्तीवर ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘अंगावरून पांढरे जाते का’, ‘अंगावरून जास्त जाते का’, ‘खाली आग होते का’, ‘अंग बाहेर येते का’, ‘कंबर धरते का’ असे विचारले की बोलणे सुरू होते. बाजूला बसण्याविषयी, म्हणजे पाळीविषयी, काही घरांत कावळा शिवल्याचेच बोलले जाते. बंजारा तांड्यांवरून आलेल्या बायकांशी गोरमाटीत बोलणारी सहकारी असेल तर फार मदत होते. ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, हा शब्द मात्र तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल, आणि त्याकडे आपण पुढे वळू.

बाई तक्रार करत नाही म्हणून तिला आजार नाही, असा अर्थ कधीही काढू नये. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्या काळी सरकारी यंत्रणेला बाईच्या गर्भाशयात रस होता तो कुटुंबनियोजनापुरता. बाळंतपण आणि नसबंदी यांच्या पलीकडचे तिचे आरोग्य कोणाच्याच वहीत नव्हते. नव्या कार्यकर्त्याने या अभ्यासातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, दुखणे इतके सर्वांचे असते की ते दुखणे म्हणून मोजलेच जात नाही, ‘बाईच्या जातीला असायचेच’ म्हणून सोडून दिले जाते. दोन, तपासणीला येण्याइतका विश्वास आधी कमवावा लागतो.

हा विश्वास कमावण्याची सोपी जागा म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन. त्याविषयी बोलायला कोणालाच संकोच वाटत नाही. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, त्यामुळे तुमच्या तपासणीत निम्म्याहून अधिक जणी कमी भरल्या तर आश्चर्य वाटू देऊ नका. पण फक्त लोहाच्या गोळ्या हातात ठेवून पुढे जाऊ नये. गोळी जेवणानंतर एक तासाने घ्यावी, चहासोबत घेऊ नये, शौचाचा रंग काळा होईल त्याला घाबरू नये, हे सांगितले नाही तर चौथ्या दिवशी गोळ्या बंद होतात. आणि ‘घरात शेवटी कोण जेवते’ हा प्रश्न विचारल्याशिवाय रक्तक्षयावरचे बोलणे पुरे करू नये.

चौथी पायरी : ‘पिशवी’चा प्रश्न हाताळताना

याच विषयामुळे ऊसतोड महिला २०१९ मध्ये देशभरच्या बातम्यांत आल्या. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एक. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने आकडे एकास एक लावू नयेत, तरी अंतर डोळ्यात भरण्याजोगे आहे.

त्या वेळी बातम्यांतून जे चित्र गेले ते असे की, पाळीमुळे कामात खंड पडू नये म्हणून मुकादम बायकांना पिशवी काढायला लावतात. हे चित्र डोक्यात घेऊन वस्तीवर गेलात तर तुमची फसगत होईल, आणि मुकादम तुम्हाला दुसऱ्या दिवशी वस्तीवर येऊ देणार नाही. बहुतेक बायका ‘मला कोणी सांगितले नाही, मीच काढली’ असे सांगतात, आणि ते खरे असते. प्रश्न असा आहे की तो ‘मीच’ कशातून तयार होतो. सोळा-सतराव्या वर्षी लग्न, विशीपर्यंत दोन-तीन बाळंतपणे, त्यानंतर नसबंदी. मग ‘आता पिशवीचे काम काय’ ही घरातली समजूत. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची स्वतःची नसबंदी झालेली होती आणि ०.३ टक्के जणींच्या नवऱ्याची, त्यामुळे मूल थांबवण्याची शस्त्रक्रिया बाईच्याच शरीरावर व्हायची, हे आधीच ठरलेले असते. त्यात पांढरे जाणे आणि कंबरदुखी वर्षानुवर्षे बिनउपचाराची राहते. शेवटी ती हंगाम संपल्यावर तालुक्याच्या एखाद्या खाजगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल’ असे कानावर पडते, आणि खाडे वाचतील हा हिशेब घरात कोणी मोठ्याने न बोलताही झालेला असतो. देशात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश खाजगी रुग्णालयांत होतात. त्यासाठीचा पैसा अनेकदा मुकादमाकडूनच वाढीव उचल म्हणून येतो, आणि तो फेडण्यासाठी टाके पुरते भरण्याआधी बाई फडात उतरते.

तेव्हा तुमचे काम आरोप करण्याचे नाही, उशीर करवून घेण्याचे आहे. शस्त्रक्रिया सांगितलेल्या बाईला घाई न करता डॉक्टरांना चार गोष्टी विचारायला शिकवा आणि शक्य असेल तर सोबत जा : आजाराचे नाव काय आहे, आणि ते कागदावर लिहून द्याल का; गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली आहे का; आधी औषधांचा पूर्ण उपचार करून पाहिला का; आणि शस्त्रक्रिया करायचीच असेल तर अंडाशये ठेवणार की काढणार. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशये काढली तर हाडे लवकर ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. नुसते पांढरे जाणे हे गर्भाशय काढण्याचे कारण होऊ शकत नाही. ते बहुतांशी औषधाने बरे होते. जंतुसंसर्ग शरीरसंबंधातून आलेला असेल, तर नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते, नाहीतर महिन्याभरात त्रास परत येतो. हे वाक्य नवऱ्याला सांगण्याची जबाबदारी बाईवर टाकू नका.

त्याचबरोबर, प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक असते असेही मनात धरू नका. कर्करोग, औषधाला न जुमानणारा अतिरक्तस्राव, मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेले अंग यांसाठी ती करावी लागते. शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी कायमची थांबल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित स्राव किंवा ओटीपोटातल्या दुखण्यासोबत ताप, यांपैकी काहीही असेल तर त्या बाईला थांबायला न सांगता त्याच आठवड्यात ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात न्यावे.

नियमांची माहिती जवळ असू द्या. बीड जिल्ह्यात २०१९ च्या प्रकरणानंतर खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना तीन महिन्यांत त्या स्वीकारण्याचे निर्देश दिले. मूळ याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या शस्त्रक्रियांविषयी होती. म्हणजे हा प्रश्न एकट्या उसाचा नाही, गरीब बाईच्या शरीराला मिळणाऱ्या स्वस्त उत्तराचा आहे.

जिची पिशवी आधीच काढलेली आहे तिला मात्र यातले काही ऐकवू नये. ‘कशाला काढलीस’ हा प्रश्न तिला आधीच पुष्कळ जणांनी विचारलेला असतो. तिची झोप, अंगातून निघणाऱ्या वाफा, सांधेदुखी, रक्तदाब यांची चौकशी करावी आणि जुने कागद असतील तर अंडाशये काढली आहेत का ते पाहावे.

पाचवी पायरी : पुरुषांशी आणि मुकादमाशी बोला

महिलांचे काम म्हणून फक्त महिलांशीच बोलायचे, ही नव्या कार्यकर्त्यांची सर्वसाधारण समजूत असते. दवाखान्यात जाण्यासाठी लागणारी मोटारसायकल, पैसे आणि अर्ध्या दिवसाची मोकळीक ज्यांच्या हातात आहे, त्यांना वगळून हे काम होत नाही. टोळीतल्या पुरुषांची एक वेगळी बैठक पुरुष सहकाऱ्याने घ्यावी आणि तिथे आधी त्यांच्या पाठदुखीविषयी, दारूविषयी, पायाला लागलेल्या कोयत्याच्या घावाविषयी बोलावे. त्यानंतर बायकोच्या रक्तक्षयाचा विषय सहज निघतो. सासू सोबत आलेली असेल तर तिला डावलू नये. सुनेच्या गरोदरपणात विश्रांतीचा शब्द तिच्याच तोंडून आला तर तो टिकतो.

मुकादमाशी बोलताना त्याचा हिशेब लक्षात ठेवा. तोही बहुधा त्याच गावचा, कारखान्याकडून पैसे उचललेला माणूस असतो. टोळीतल्या गरोदर बाईला शेवटच्या दोन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर ओझ्याचे काम देऊ नये, आणि दवाखान्याच्या दिवसाचा खाडा धरू नये, एवढ्या दोन मागण्यांवर त्याच्याशी हंगामाच्या सुरुवातीलाच, शक्य तर कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यासमोर, बोलणे करून घ्यावे. एकट्या आलेल्या विधवा आणि परित्यक्ता बायकांची नावे मात्र या बैठकीत घेऊ नयेत. त्यांच्यासाठी बोलणारा पुरुष टोळीत नसतो आणि मुकादमाची मर्जी त्यांना सर्वांत महाग पडते.

सहावी पायरी : सरकारी यंत्रणेशी जोडून द्या

आपली संस्था हंगाम संपला की जाते. उपकेंद्र तिथेच राहते. म्हणून स्वतःचा समांतर दवाखाना उभा करण्यापेक्षा वस्तीला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी जोडावे. अडचण अशी की वस्तीवरची बाई तिथल्या आशाताईच्या यादीत नसते, आणि जिच्या यादीत असते ती आशाताई तीनशे किलोमीटरवर मूळ गावी असते. हा दुवा फोनवरून जोडून देणे हे कार्यकर्त्याचे खरे काम आहे. गरोदर बाईचे माता-बाल संरक्षण कार्ड, आधार आणि बँक पासबुक गावाहून निघतानाच सोबत घ्यायला सांगावे. पहिल्या बाळंतपणासाठी मिळणारे मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये कागद गावी राहिल्यामुळे अडकतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, तो दिवस टोळीच्या कॅलेंडरवर लाल करून ठेवावा.

आशाताईंबद्दल एक गोष्ट. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ही योजना त्याच गावच्या बाईला, साधारण हजार लोकसंख्येमागे एक, ‘स्वयंसेविका’ म्हणून नेमते; पगार न देता मानधन आणि कामागणिक मोबदला देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा व त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक मानधनवाढीसाठी संपावर होत्या. बाईने सेवा करायची ती मनापासून, आणि मनापासून म्हणजे फुकट, हा समज ऊसतोड्या घरात जसा आहे तसाच शासनातही आहे. आपल्या प्रकल्पाने तो वाढवू नये. आशाताईंकडून यादी, घरभेट किंवा बैठक हवी असेल तर अंदाजपत्रकात त्यांचा मोबदला आणि प्रवासखर्च धरावा.

सातवी पायरी : नोंदी आणि नाजूक प्रसंग

कोपीला दार नसते आणि भिंत पाचटाची असते. तिथे खाजगी असे काही नसते. पाळी, गर्भपात, मारहाण यांविषयीचे प्रश्न सर्वांसमोर विचारू नयेत. पाण्याला जाताना, सरपण गोळा करताना सोबत चालत बोलणे अधिक सोयीचे पडते. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक ठेवावा, नावांची यादी वेगळी आणि कुलुपात असावी, आणि बाईचा फोटो तिला विचारून ती हो म्हणाली तरी आजाराच्या मजकुरासोबत छापू नये.

दोन प्रसंगांची तयारी संस्थेत बसून आधीच करावी. एखादीने मारहाणीचे सांगितले तर ऐकून घ्यावे, १८१ (महिला मदतवाहिनी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे क्रमांक, जिल्ह्याचे सखी केंद्र (अत्याचारग्रस्त महिलांसाठीचे मदत केंद्र) आणि संरक्षण अधिकारी यांची माहिती द्यावी, पण तक्रार करायची की नाही हा निर्णय तिचा राहू द्यावा. तुम्ही रात्री निघून जाता, ती तिथेच झोपते. दुसरा प्रसंग अठरा वर्षांखालील गरोदर मुलीचा. पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, अशा प्रकरणाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि त्याच भीतीने कुटुंब मुलीला दवाखान्यापासून लपवते. तिचे उपचार थांबणार नाहीत हे आधी पाहावे, बाल कल्याण समिती आणि वकील यांचा सल्ला संस्थेने हंगामापूर्वीच घेऊन ठेवावा. ऐनवेळी एकट्या कार्यकर्तीवर हा निर्णय सोपवू नये.

आठवी पायरी : कार्यकर्तीची सुरक्षितता

वस्तीभेटी रात्री होतात, रस्ते उसातून जातात. दोघींनी मिळून जावे, परतीचे वाहन ठरलेले असावे आणि कोठे आहोत हे कार्यालयात माहीत असावे. ही साधी काळजी आहे, पण संस्था ती कार्यकर्तीच्या हुशारीवर सोडतात, म्हणून लिहावे लागते. राजस्थानातील भटेरी गावात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवी या शासनाच्याच महिला विकास कार्यक्रमातल्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या घटनेनंतर झालेल्या याचिकेतून १९९७ चे विशाखा मार्गदर्शक आदेश आले आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. म्हणजे हा कायदा जन्माला आला तो वातानुकूलित कार्यालयातून नव्हे, तर गावात काम करणाऱ्या एका कार्यकर्तीच्या अनुभवातून. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान संस्थेतली कार्यकर्ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. रुजू होतानाच आपल्या संस्थेची समिती कोणती, ते विचारून घ्या. प्रश्न अवघड वाटला तरी विचारा.

नववी पायरी : हंगाम संपल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद होऊन हंगाम संपला, की वस्ती दोन दिवसांत उठते. त्याच्या पंधरा दिवस आधी उपचार सुरू असलेल्या प्रत्येक बाईचा एक पानी कागद तयार करावा : कोणता त्रास, कोणते औषध, पुढची तपासणी केव्हा. त्याची एक प्रत तिच्याकडे आणि एक, तिच्या संमतीने, मूळ गावच्या आशाताईकडे जावी. गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया होतात त्या याच मोकळ्या महिन्यांत, आणि नवी उचल ठरते तीही पावसाळ्यात. म्हणून मे महिन्यात गावाकडे एक फेरी ठेवावी. त्या वेळी बाई घरी असते, तिला बसायला ओटा असतो, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असली तरी अजून पैसे भरलेले नसतात.